बुडालेल्या बांधाला वळसा

माझे सासरे होडी पाण्यावरून न्यायचे, पण वाट जमिनीवरची धरायचे. हे नव्या माणसाला सांगताना माझी फे फे उडते, म्हणून आधीच सांगून टाकते.

उजनीचं पाणी आज आमच्या दारापुढं जिथं पसरलंय, तिथं खाली आमचं जुनं गाव आहे. धरण भरलं तेव्हा सासरे तिशीच्या आतबाहेर होते. घर, विहीर, रान, गाडीवाट, सगळं डोळ्यांदेखत बुडालं आणि त्यांच्या डोक्यात मात्र जसंच्या तसं राहिलं. कारखान्याचं धुराडं आणि टेकडीवरच्या देवळाचा कळस एका रेषेत आले की ते इंजिन बंद करायचे आणि म्हणायचे, "ही आपली विहीर." तिथं गळ टाकला की मासा लागायचाच. विहिरीच्या दगडांत वाम असायची आणि बांधाच्या कडेनं चिलापी.

याच्यावरच आमचं चाललं होतं. नवरा कारखान्यात पाळीला जायचा. रविवारी सोलापूरहून, पुण्याहून हौशी लोक आपापले महागडे गळ घेऊन यायचे आणि आम्ही त्यांना मासा कुठं बसलाय तिथं न्यायचो. आधी मला हसू यायचं. बाजारात मिळतो तो मासा धरायला ही माणसं उन्हात चार तास बसतात आणि वर आपल्याला पैसे देतात. पण येत होते ते येऊ देत की. सासरे मागं इंजिनाचा दांडा धरायचे, मी पुढं बसून गांडुळं लावून द्यायची, लागलेला मासा सोडवायची आणि जॅकेट घाला म्हणून लोकांच्या मागं लागायची. इंजिन चालवायला मला नवऱ्यानं शिकवलं होतं, पण सासरे होडीत असले की दांड्याला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही.

आता वळशाचं सांगते. आमचं रान काठापासून आत, आणि त्याच्या अलीकडं, काठाच्या बाजूला, सासऱ्यांच्या चुलतभावाचं रान. म्हणजे दोन्ही रानं पाण्याखालीच. धरणाच्या आधी त्या चुलतभावानं हातभर बांध कोरला असं सासऱ्यांचं म्हणणं, आणि बांध सासऱ्यांनीच सरकवला असं त्याचं. कुऱ्हाडी निघाल्या होत्या म्हणे. शेवटी दोघांनीही देवापुढं शपथ घेतली, तुझ्या रानात पाय टाकणार नाही. दोन वर्षांत धरण भरलं आणि बांधही गेला, रानही गेलं. शपथ तेवढी राहिली. नव्या गावात दोघांची घरं दोन गल्ल्या सोडून, पण बोलणं नाही. चार वर्षांपूर्वी तो चुलतभाऊ वारला, तेव्हा सासरे त्याच्या मातीलाही गेले नाहीत. दार लावून आत बसले होते.

काठावरून आमच्या विहिरीवर सरळ जायचं तर होडी त्या रानावरून जाते. सासरे नेत नसत. जुनी गाडीवाट जिथून जायची तिथून ते लांब दक्षिणेकडून वळसा घालत. जाताना पाव तास, येताना पाव तास. पाहुण्यांना वाटायचं, हे आपल्याला पक्षी दाखवतायत. मला याचा मनस्वी राग यायचा. डिझेल काय फुकट येतं का, असं मी एकदा म्हणाले तर ते दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत.

ती दुपार परतीच्या पावसाच्या दिवसांतली. सोलापूरचे एक साहेब आले होते, सोबत त्यांची दहा वर्षांची मुलगी. आई नव्हती आली. तिनं फोनवरून मलाच बजावलं होतं, "ताई, तिच्यावर लक्ष ठेवा हं, तिला पोहता येत नाही." मी म्हणाले, "काळजी करू नका, माझी जबाबदारी." तोंडातून असे शब्द किती सहज जातात बघा. पोरीला मी जॅकेट घातलं, पट्टे आवळले, वर पुन्हा ओढून बघितले.

विहिरीवर पोरीला दोन चिलाप्या लागल्या. दुसरी तिनं स्वतः ओढली आणि बापाकडं अशी बघायला लागली की मलाच बरं वाटलं. तेवढ्यात वारा पडला. पाणी एकदम गप्प झालं. मी पूर्वेकडं बघितलं तर आमच्या काठावरचा ऊस दिसत होता आणि त्याच्यामागं आभाळ काळं होऊन खाली आलेलं.

"मामा, निघायचं," मी म्हणाले.

सासऱ्यांनीही बघितलं होतं. त्यांनी इंजिन चालू केलं. साहेब म्हणाले, आत्ता कुठं मासा लागायला लागलाय, दहा मिनिटं थांबू. मी त्यांचा गळ त्यांच्या हातातून घेतला आणि गुंडाळून ठेवला. मनात म्हटलं, राग आला तर येऊ दे.

वारा पूर्वेकडून आला, थेट काठावरून. पहिल्या झटक्यात माझा पदर उडाला, दुसऱ्यात पाण्याच्या लाटा झाल्या. अशा वाऱ्यात होडीचं तोंड वाऱ्याकडं करायचं असतं. लाट पुढून घ्यायची, हळूहळू काठाजवळ सरकायचं, आणि काठाच्या आडोशाला आलं की पाणी आपोआप बसतं. हे मला शिकवलं कुणी तर सासऱ्यांनीच. आणि त्याच सासऱ्यांनी होडी दक्षिणेकडं वळवली. गाडीवाटेला.

लाटा बाजूनं आदळायला लागल्या. होडी एका अंगावर कलायची, सावरायची, पुन्हा कलायची. दर लाटेला घागरभर पाणी आत. साहेबांना मी डबा दिला आणि म्हणाले उपसा. आता त्यांचा साहेबपणा कुठल्या कुठं गेला होता, बिचारे खाली बसून उपसत होते. पोरीला मी माझ्या पायांत धरून बसवलं. ती रडत नव्हती. माझं लुगडं तिनं मुठीत धरलं होतं, आणि मला राहून राहून तिच्या आईचा आवाज ऐकू येत होता.

"मामा, सरळ घाला," मी ओरडले.

त्यांनी ऐकलं. ऐकलेलं मला त्यांच्या तोंडावर दिसलं. पण हात हलला नाही.

पुढची लाट होडीच्या काठावरून आत आली आणि पोर कमरेपर्यंत भिजली. धुराडं, कळस, काही दिसत नव्हतं, नुसता पाऊस. एवढ्या पावसातही हा माणूस मनातल्या मनात पावलं मोजत त्या बांधाच्या कडेनं चालला होता, हे मला कळलं आणि माझं डोकं फिरलं. मी पोरीला बापाच्या मांडीत ढकललं आणि रांगत मागं गेले. दांड्यावर त्यांच्या हातावर हात ठेवला.

"सोडा, मामा."

"त्याचं रान हाय," ते म्हणाले.

"रान न्हाय, पाणी हाय. आन् होडीत दुसऱ्याचं लेकरू हाय."

त्यांनी सोडला नाही. लग्न होऊन अठरा वर्षं झाली होती आणि सासऱ्यांच्या अंगाला माझा हात कधी लागला नव्हता, पाया पडताना लागला असेल तेवढाच. त्या दिवशी मी त्यांची बोटं एकेक करून उचकटली. म्हाताऱ्याची बोटं, पण काय घट्ट होती. शेवटचं बोट सुटलं तसा मी दांडा ओढला आणि होडीचं तोंड वाऱ्याकडं केलं.

मग लाट पुढून यायला लागली. होडी नाक वर करायची, आपटायची, पण कलंडत नव्हती. सासरे माझ्या पायाशी बसले होते. त्यांनी डोक्यावरची भिजलेली टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि हळूच बोलले. मला वाटलं माझ्याशीच. पण ते खाली पाण्याकडं बघत होते. "दादा, जातुय रं तुज्या रानातनं. लेकरू हाय संगट."

काठाजवळ पाणी बसलं. पाण्याच्या मोटारीच्या खोपटातून एकजण पळत आला, दोर धरला आणि होडी ओढून घेतली. तो त्या चुलतभावाचाच मुलगा होता. आम्ही कुठल्या बाजूनं आलो हे त्यानं बघितलं होतं. त्यानं पोरीला उचलून खोपटात नेलं. साहेब चिखलातच बसले. मी तिच्या आईला फोन लावला आणि मुलीकडं दिला.

त्या संध्याकाळी सासरे जेवले नाहीत. मला वाटलं, आता हे माझं तोंडही बघणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर आले आणि म्हणाले, "चल माज्यासंगं." दोन गल्ल्या ओलांडून आम्ही त्या चुलतभावाच्या घरी गेलो.

चुलतसासूबाईंनी सतरंजी टाकली. सासरे भिंतीला टेकून बसले. मातीनंतर चार वर्षांनी भेटायला आलेला माणूस काय बोलणार. मग तेच म्हणाले, "काल तुमच्या रानातनं होडी नेली. सांगाय आलुया."

चुलतसासूबाईंनी पदर सारखा केला. "पोरानं सांगितलं," त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "ह्यांच्या छातीत कळ आली तवा पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं हुतं. रस्त्यानं लई लांब, म्हणून होडीत घातलं. पोरानं सरळ घातली. मधी तुमचं रान आलं. ह्यांनी छातीवरचा हात काडला आन् खूण केली, वळसा घाल."

मुलगा दारात उभा होता.

"घातला पोरानं वळसा. बापाचं कसं मोडायचं? पलीकडचा डॉक्टर म्हणला, पाव तास आदी आणायचं."

सासऱ्यांपुढं चहा ठेवला होता. त्यांनी बशी उचलली आणि तशीच खाली ठेवली. दारातला मुलगा माझ्याकडं बघत होता. माझ्या तोंडाकडं नव्हे, हाताकडं. आदल्या दिवशीच्या ओढाताणीत माझ्या मनगटावर सासऱ्यांची नखं उमटली होती.

"वैनी," तो म्हणाला, "मला न्हाय जमलं ते."