माझ्या नावावर गेलेली फाइल

"तपासणी यांनीच केलीय. तुमच्याच समाजाच्या आहेत. आता आम्ही काय बोलणार?"

आमच्या सरांनी माझ्याकडे बोट दाखवत हे अकोल्याहून आलेल्या विहार समितीच्या दोन काकांना सांगितलं. अमरावतीतलं आमचं जाहिरातीचं ऑफिस. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर बुद्धपौर्णिमेचा फ्लेक्स. बुद्धाच्या कपाळावर लालभडक गंध. सगळी टीम माझ्याकडे बघत होती. थोरले काका म्हणाले, "पोरी, तू आपल्यातली असून तुले हे दिसलं नाही?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दिसलं होतं. आमच्याकडे कोऱ्यापासून फाइल कोणी करत नाही. मागच्या सणाची उघडायची, फोटो बदलायचा, तारीख बदलायची. गणपतीच्या फाइलीतला गंधाचा लेयर तसाच राहिला आणि बुद्धाच्या कपाळावर येऊन बसला. फाइली तपासणं माझं काम. मी लाल शेरा मारला: बुद्धाला गंध लावत नाहीत, छापू नये. सर हसले. "तुम्हा लोकांना जिथं तिथं अपमान दिसतो." मी गप्प बसले. तीन वर्षं गप्पच बसत आले होते. त्याची चीड अजून येते, सरांपेक्षा स्वतःचीच जास्त.

फाइलीच्या नावापुढे 'तपासले' आणि माझं नाव असल्याशिवाय ती छपाईला जात नाही, अशी आमची रीत. मी डबा खायला गेले. तेवढ्यात सरांनी माझं नाव टाकून फाइल पाठवून दिली. फ्लेक्स विहारासमोर लागला. तिथल्या बायामाणसांनीच तो उतरवला.

काकांचा प्रश्न ऐकून मी खुर्चीवरून उठले. सरांच्या हातातला माऊस घेतला. फाइलीचा इतिहास उघडला. कोणी, कधी, काय बदललं, सगळं त्यात असतं. माझा लाल शेरा होता. त्याच्यानंतर नाव टाकल्याची नोंद, सरांच्या खात्यातून.

"काका, मले दिसलं होतं. मी थांबवलं होतं. हे वाचा."

काकांनी चष्मा लावून वाचलं. मग सरांकडे बघितलं. सर पाणी प्यायले.

ते गेल्यावर मला केबिनमध्ये बोलावणं आलं. "घरातली भांडणं बाहेरच्यांसमोर काढायची नसतात. माफी लिहून द्या, विषय संपवू."

घरातली! जिथं अंगाशी आलं की माझी जात पुढे करतात, ते माझं घर कसलं?

"नाही लिहून देत," मी म्हटलं. "काहून देऊ?"

"मग फाइली उद्यापासून दुसरं कोणी पाहील."

आता मला दाराजवळ टायपिंगला बसवलंय. डब्याला कोणी हाक मारत नाही. आत सारखं उकळत असतं, दहा मिनिटं एका जागी बसवत नाही. नोकरी कधीही जाईल, मला माहीत आहे. तरी काल समितीला सगळं लेखी दिलं आणि त्याची प्रत सरांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवली. माफी मागायची तर त्यांनी मागावी, विहारात उभं राहून, सगळ्यांसमोर. त्याहून कमी मी काहीही घेणार नाही.