तरवसकरांचं गाव

प्रेमिला तरवसकर कुठंही गेली तरी एक प्रश्न तिच्या आधी तिथं येऊन बसलेला असे. "तरवसकर? म्हणजे तुम्ही कोण?"

आपल्याकडे आडनाव काही नुसतं हाक मारायला विचारत नाहीत. आडनावावरून गाव कळतं, गावावरून जात कळते, आणि पाहुण्याला कपात चहा द्यायचा की दुसऱ्या कशात, ते ठरतं. पण तरवसकर ऐकलं की नागपुरातल्या भल्याभल्यांची मती गुंग व्हायची. कोणी म्हणे कोकणातले, कोणी म्हणे गोव्याकडचे. प्रेमिलाचं घराणं नागपूरजवळच्या खाप्याचं. छपन्न साली दीक्षाभूमीवर तिच्या आईबापांनी पांढरीशुभ्र वस्त्रं नेसून धम्म स्वीकारला होता आणि त्या गर्दीत प्रेमिला त्यांच्या मध्ये उभी होती. त्या दिवशी मागचं पुष्कळ सुटलं. हे आडनाव मात्र जसंच्या तसं राहिलं.

शिवणाचा डिप्लोमा करताना तिनं नागपूरच्या धंतोलीत एक खोली पाहिली. घरमालकीण पार्वतीबाईंनी नाव विचारलं, ऐकून हसल्या आणि लगेच किल्ली हातात दिली. आठवडाभरानं त्या दूध द्यायला आल्या नि भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहून दारातच थबकल्या.

"तरवसकर म्हणून खोली दिली होती मी. फसवलं की वं तू मले!"

"मी काहून फसवू? नाव तर खरंच सांगितलं," प्रेमिला म्हणाली. त्याच संध्याकाळी तिनं ट्रंक रिक्षात टाकली. रडली नाही. पण रिक्षा चालू असताना तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. ज्या नावापायी खोली मिळते आणि जातेही, ते नाव आलं कुठून हे शोधायचंच.

तिनं बापाला विचारलं. बाप म्हणजे नानाजी, कापडगिरणीत माग चालवणारा साचेवाला, आल्यागेल्याशी तासन्‌तास गप्पा मारणारा माणूस. पण आडनावाचा विषय निघाला की त्याचा चेहरा दाराला कडी लावल्यासारखा व्हायचा.

"हाय ते नाव. नावाले का चाटायचं हाय? काम कर आपलं."

"पण बाबा, कर म्हणजे गाव आलं. खापेकर, उमरेडकर, तसं तरवस कुठी तरी असनच ना?"

नानाजी उठून बाहेर जायचा.

मग प्रेमिला गावाच्या मागं लागली. एसटीचा कंडक्टर दिसला की विचार, फिरता भांडेवाला दिसला की विचार, "का गा भाऊ, तरवस गाव ऐकलं का कुठी?" कोणीतरी सांगितलं, मौद्याकडे तारसा आहे. झालं! रविवारी भाकरी बांधून बाई तारशाला हजर. चावडीवरच्या म्हाताऱ्यांनी तिला बसवून घेतलं, पाणी पाजलं, खूप विचार केला आणि सांगितलं, "बाई, आमच्या गावचा माणूस बाहेर गेला त तारसेकर होते. हे 'व' तुम्ही कुठून आणलं?" परतीच्या बसमध्ये प्रेमिला स्वतःशीच हसत होती. मैत्रिणी थट्टा करीत, "प्रेमिला, लोकं नवरा शोधतेत, तू गाव शोधून राहिली." लग्न तिनं केलंच नाही. नागपुरातल्या जरीपटका वस्तीच्या बाजाराला लागून भाड्यानं जागा घेतली, चार मशिनी मांडल्या आणि वर्ग सुरू केला. सिंधी कापडवाल्यांच्या दुकानांतून तिच्याकडे काम येई आणि शेजारच्या इंदोरा वस्तीतल्या पोरी शिकायला येत. वर्गावर तिनं मोठी पाटी लावली, मराठीत आणि इंग्रजीत: तरवसकर शिवण वर्ग.

नानाजी एकाहत्तर साली गेला, काही न सांगताच. धाकटा भाऊ देवराव रेल्वेत होता. त्याला तर या नावाचा वीटच आला होता. साहेब आधी गोड बोलतात, मग कुजबुजतात, म्हणून पोराच्या दहावीआधी गॅझेटात आडनाव बदलून टाकायचं त्यानं ठरवलं होतं. "ज्या नावाले ना आगा ना पिछा, ते काहून वागवाचं?" तो म्हणे. 

आणि मग एक्याऐंशी सालच्या हिवाळ्यात ती टॅक्सी थांबली.

थांबली म्हणजे काय, करकचून ब्रेक लागला. मागच्या हातगाडीवाल्यानं शिव्या हासडल्या. टॅक्सीतून एक उंच, पांढऱ्या केसांची गोरी बाई उतरली आणि भर बाजारात पाटीकडे बोट करून ओरडायला लागली. मशिनी बंद पडल्या, पोरी खिडकीशी धावल्या. बाईंच्या मागोमाग एक चष्मेवाले गृहस्थ घाईघाईनं उतरले आणि दोघं वर्गात शिरले.

"मी मधुसूदन. कॉलेजात इंग्रजी शिकवतो," ते म्हणाले. "या मिस मेरी ट्रेवास्कर, इंग्लंडहून आल्या आहेत. कामठीच्या जुन्या कबरस्तानात यांच्या आजोबांच्या भावाची कबर शोधायला निघालो होतो. आता विचारतात, ही पाटी कोणाची?"

"माही," प्रेमिला म्हणाली. "काहून? का झालं?"

मधुसूदन सरांनी हळूच विचारलं, "हे आडनाव तुम्ही म्हणता कसं?"

"तरवसकर."

गोऱ्या बाईंनी छातीवर हात ठेवला आणि आपलं नाव पुन्हा सावकाश उच्चारलं. ट्रे-वास-कर. हातातली कात्री टेबलावर ठेवायचंही प्रेमिलाला सुचेना.

मेरीबाईंनी पिशवीतून जगाचा नकाशा काढला आणि कटिंगच्या टेबलावर पसरला. त्यावर लाल टिकल्या चिकटवलेल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाईंना एकच नाद होता. आपलं दुर्मीळ आडनाव जगात कुठंकुठं गेलं ते शोधायचं. मधुसूदन सर सांगत होते आणि पोरी माना खुपसून बघत होत्या. इंग्लंडच्या पार नैर्ऋत्येच्या टोकाला कॉर्नवॉल नावाचा मुलूख. तिथं कथलाच्या नि तांब्याच्या खाणी. खाणी बंद पडल्या तशी माणसं जिथं जमिनीखाली काही असेल तिथं गेली. टिकल्याही तशाच पडल्या होत्या, एक ऑस्ट्रेलियात, एक दक्षिण आफ्रिकेत, एक मेक्सिकोच्या डोंगरात. हिंदुस्थानावर टिकली नव्हती, पेन्सिलीनं काढलेलं प्रश्नचिन्ह होतं. आजोबांचा हा भाऊ, हेन्री ट्रेवास्कर, या देशात मँगनीजच्या खाणीवर आला होता. पुढं त्याचं काय झालं ते घरच्यांना कधी कळलं नाही.

"खाण कुठची?" प्रेमिलानं विचारलं.

"नागपूरजवळची, एवढंच माहीत आहे त्यांना."

"मँगनीज त आमच्या खाप्याले हाय!" प्रेमिला जवळजवळ किंचाळलीच. "सर, कामठी राहू द्या. टॅक्सी खाप्याले घ्या. माही आत्या हाय तिथं, भागीरथा. बाबानं नाही सांगितलं, पण तिले माहीत असन!"

वर्ग पोरींवर सोपवून ती टॅक्सीत बसली. वाटेत तिनं मेरीबाईंना किती प्रश्न विचारले! तिकडे थंडी किती, खाता काय, लग्न काहून नाही केलं. मधुसूदन सर बिचारे दोन्हीकडून बोलून घामाघूम झाले. सावनेर मागं पडलं, संत्र्यांचे बगिचे आले आणि बायांच्या हातात सरांच्या मदतीवाचूनच एक एक संत्रं आलं.

भागीरथा आत्या अंगणात उन्हात वाकळ घालून बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, दात नाहीत, कान मात्र तिखट. प्रेमिलानं गोऱ्या बाईचं नाव सांगितलं. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"तरवसकर काप्तानाची कोन तू?"

मधुसूदन सरांना हे इंग्रजीत सांगायची गरजच पडली नाही. कॉर्नवॉलात खाणीच्या मुकादमाला कॅप्टनच म्हणतात. मेरीबाई तिच्या शेजारी वाकळेवर बसल्या.

"आत्या, तुले माहीत होतं? मले काहून नाही सांगितलं?"

"तुह्या बापानं आण घातली होती. आता तो गेला, अन् हे दारात आली. आता सांगतो."

आणि म्हातारीनं सांगितलं. तिचा बाप रामाजी, म्हणजे प्रेमिलाचा आजा, खाणीत दगड फोडायचा. एका पावसाळ्यात खाणीची दरड कोसळली आणि काप्तान खाली सापडला. बाकीचे पळाले. रामाजीनं हातांनी दगड उपसले आणि साहेबाला पाठीवर घेऊन वर आणलं. साहेबाचा पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून रामाजीच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय तो खाणीत उतरत नसे. गावात रामाजीला शिवत नव्हते आणि साहेबाचा हात मात्र दिवसभर त्याच्या खांद्यावर असायचा. लोक त्याला 'तरवसकरचा रामा' म्हणू लागले.

"मंग नानाले शाळेत घालायचं निघालं. मास्तर म्हने, आडनाव काय? आमाले कुठचं आडनाव! मास्तर हसला, म्हने, मंग जातच लिहितो. माह्या बापानं साहेबाले सांगितलं. साहेब लंगडत लंगडत शाळेत गेला अन् टेबलावर काठी आपटली. म्हने, माहं नाव लिहा. मास्तरानं जसं ऐकू आलं तसं लिहिलं."

मग प्रेमिलानं विचारलं, "मंग बाबा लपवत काहून होते?"

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "पोट्टे चिडवत त्याले. साहेबाचं पोरगं म्हनत. माह्या मायचं नाव घेऊन काय काय बोलत. माय माही चांगली होती वं, अन् साहेबही देवमानूस होता. पन लोकाच्या तोंडाले कोन हात लावते? नाना मारामाऱ्या करून थकला, अन् मंग गप्पच झाला."

बापाच्या चेहऱ्यावरची ती कडी प्रेमिलाला आज कळली. तिच्या डोळ्यांना धार लागली.

मधुसूदन सरांनी मेरीबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी नकाशा वाकळेवर पसरला आणि त्या अवघडून म्हणाल्या, "मी इतकी वर्षं रक्ताचेच ट्रेवास्कर मोजत आले. हे रक्ताचे नाहीत. टिकली लावावी की नाही, मला कळत नाही."

सरांनी अडखळत ते मराठीत सांगितलं. प्रेमिला ताडकन उभी राहिली.

"सर, त्याईले विचारा, रक्त नाही त काय हाय? माह्या आज्यानं त्याईच्या आज्याच्या भावाले पाठीवर आणलं. माह्या बापानं ह्या नावासाठी मार खाल्ला. मले ह्या नावानं घराबाहेर काढलं. तरी आम्ही नाव सोडलं नाही. नाव वागवणं अजून कसं असते?"

सर सांगत असतानाच मेरीबाई उठल्या. त्यांनी प्रेमिलाचे दोन्ही हात धरले, आणि मग नकाशावर खाप्याच्या जागी आत्याच्याच बोटानं लाल टिकली लावून घेतली.

"पण तुमची घरं किती?" मेरीबाईंनी विचारलं. आत्या बोटांवर मोजू लागली. नानाजीची लेकरं, त्याच्या दोन भावांची लेकरं, नातू, पणतू, खाप्याचे, कामठीचे, इंदोऱ्याचे, भिलाईला गेलेले. मेरीबाई आधी हसल्या, मग आणखी मोठ्यानं हसल्या. इंग्लंडात हे नाव आता मोजक्या म्हाताऱ्यांपुरतं उरलं होतं. जगात सगळ्यांत जास्त ट्रेवास्कर या नागपूर जिल्ह्यातच होते!

उठता उठता प्रेमिलाला आपला जुना प्रश्न आठवला. "सर, एक विचारा. त्या नावाचा अर्थ काय होते?"

"कॉर्नवॉलच्या जुन्या भाषेत 'ट्रे' म्हणजे वाडी, गाव," सर म्हणाले आणि स्वतःच थांबले. "म्हणजे प्रेमिलाबाई, हे गावाचंच नाव आहे! ट्रेवास्कर नावाची वाडी होती तिथं. आता माळावर एक दगडी कुंपण तेवढं उरलंय, असं म्हणताहेत या."

"गाव हाय!" प्रेमिला टाळ्या पिटत ओरडली. "आत्या, गाव हाय वं आपलं! मी तारशापासून सारं धुंडाळलं, अन् ते समुद्रापल्याड निघालं!"

ऊन कलायच्या आत सगळे खाणीच्या वाटेवर मोहाच्या झाडांखाली गेले. आत्याला टॅक्सीत बसवूनच नेलं. तिनं काठीनं दाखवलेल्या जागी दगडांचा एक लांबट ढीग होता. काप्तान तापानं गेला तेव्हा रामाजीनंच तो रचला होता. मेरीबाईंनी गुडघे टेकले. प्रेमिलानं त्यांच्या शेजारी बसून दगडांवरचं गवत उपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती देवरावच्या क्वार्टरवर धडकली. तो दाढी करत होता. तिनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं, सांगताना दोनदा अडली, एकदा रडली. देवरावच्या अर्ध्या गालावर साबण तसाच वाळत होता. तो म्हणाला, "आज्यानं हातानं दगड उपसले?"

"हातानं."

त्यानं आतल्या खोलीत अभ्यास करणाऱ्या पोराला हाक मारली. "इकडे ये गा. आत्या काय सांगून राहिली ते ऐक. बैस."

पोराचं नाव गॅझेटात गेलं नाही. पुढच्या बुद्धपौर्णिमेला प्रेमिलानं यच्चयावत तरवसकरांना खाप्याला बोलावलं. भिलाईचेही आले. मोहाखालचा ढीग सगळ्यांनी मिळून नीट बांधला, खीर शिजली, आणि जेवणं झाल्यावर पोरासोरांनी गलका केला, "प्रेमिलाआत्या, काप्तानाची गोष्ट सांग!" प्रेमिला पदर खोचून उभी राहिली. गलका इतका होता की तिला पहिलं वाक्य तीनदा ओरडून सांगावं लागलं.