आण्णा लाउंजच्या आत गेले कसे?

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाय. वाळूजच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये उभी हयात गेली... मशीन बंद पडली की कारण सापडतंच, एवढंच मला ठाऊक. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

बहिणीकडून, दुबईहून, मी आणि माझे वडील — आण्णा — संभाजीनगरला, बजाजनगरातल्या घरी परत येत होतो. मधे विमान बदलायचं होतं. विमानतळाचं नाव घेत नाय, पण भरदुपार होती, लख्ख उजेड, माणसांची ही गर्दी! संभाजीनगरच्या विमानाला लई वेळ होता. माझ्या क्रेडिट कार्डावर लाउंजमधलं बसणं-खाणं फुकट, म्हणून आण्णांना तिथंच जेवू घालायचं ठरवलं, अन् दाराशी पोचायच्या आधीच त्यांना जेवणाआधीचं इन्सुलिन टोचून मोकळा झालो. तिथंच चुकलं.

दारावरची मुलगी कार्ड बघून म्हणते, "सर, हे फक्त परदेश प्रवासाला चालतं."

"अहो ताई, परदेशातूनच आलोय की आत्ता!"

"पण आता तुमचं पुढचं फ्लाइट डोमेस्टिक आहे ना, सर."

"मग पैसे घ्या, पण आत सोडा."

"लाउंज फुल आहे, सर."

डोकंच फिरलं. मागं खुर्चीवर आण्णा घामाघूम, हात थरथरतायत. शुगर उतरायला लागली होती. खाण्याचे स्टॉल पार खालच्या मजल्यावर, त्यांना असं टाकून जाऊ कसा? एक बिस्किट तरी द्या म्हणलं, तर म्हणे मॅनेजरला विचारते. इथं माणूस जायची वेळ आली अन् हिचं आपलं मॅनेजर-मॅनेजर! मी आवाज चढवला, मागं वळून बघतो तर खुर्ची रिकामी.

अन् काचेतून बघतो तर आण्णा आत! निवांत सोफ्यावर बसून पोहे खातायत.

आता ऐका. दार एकच, अन् त्याच्या तोंडाशी मी उभा. मुलीनं बटण दाबल्याशिवाय ते उघडत नाय. ती बिचारी माझ्यासारखीच आ वासून बघत होती. तिनंच घाईघाईनं मला आत सोडलं.

"आण्णा, कोणी आणलं तुम्हाला इथं?"

"कोण आणणार? तुझी आई. म्हणली, त्याला भांडू द्या, तुम्ही आधी खाऊन घ्या."

आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

शुगर उतरली की माणूस बरळतो, माहितीय मला. पण ते दाणे? आण्णांना दात नायत. तरी आई पोह्यात शेंगदाणे घालायचीच, अन् मग त्यांच्या ताटलीतले एकेक वेचून मला द्यायची. "मग घालतेस कशाला?" म्हणून मी कायम चिडायचो. "दाण्यांची चव उतरते रे पोह्यात," एवढंच तिचं उत्तर. इथं आण्णांच्या पोह्यात एक दाणा नव्हता. सगळे शेजारच्या बशीत, नीट वेचून ठेवलेले. ज्यांच्या हातात चमचा धड राहत नव्हता, त्यांनी वेचले म्हणता?

आण्णांनी बशी माझ्याकडं सरकवली. "घे, तुझे."

मी उभ्या उभ्या खाल्ले.

बहीण म्हणते, कोण्या बाईला दया आली असेल. असेल बाबा. मग दाराचं काय? मला तर अजून उलगडलं नाय. भीती वगैरे काय वाटत नाय, खरं सांगू का, राग येतो. मी तिथं दारातच उभा होतो ना, घसा फोडून ओरडत! एवढी आत आलीस आई, तर मला मागून एक हाक मारली असतीस... काय बिघडलं असतं तुझं?