डोळा, नळ आणि मालिनीचं स्पॅनिश

एका शब्दापायी मालिनी दोन दिवस अडून बसली होती आणि तिच्यामुळं माझं डोकं उठलं होतं.

गोष्ट २००३ सालची. अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात ती डिस्पॅचला होती आणि मी शेजारच्या टेबलावर. तिनं दादरला दोन वर्षं स्पॅनिशचे वर्ग केले होते. का केले, हे तिलाही धड सांगता यायचं नाही. मग पेरू देशातून ऑर्डर आली, ड्रमवरच्या सूचना स्पॅनिशमध्ये हव्या झाल्या आणि साहेबांना एकदम मालिनी आठवली. त्या दिवसापासून वॉचमनसुद्धा तिला 'स्पॅनिश मॅडम' म्हणायला लागला.

बाकीचं लेबल तिनं भराभर उरकलं. अडली ती एका ओळीवर: डोळ्यात गेल्यास पाण्यानं 'फ्लश' करा. तिच्या डिक्शनरीत 'फ्लश'पुढं शब्दांची रांगच होती. एक लाजून गाल लाल होण्याचा, एक संडासाची साखळी ओढण्याचा, एक विसळण्याचा, एक नुसता धुण्याचा. पहिले दोन मीही खोडले असते. उरलेल्या दोघांत मात्र ती घुटमळत राहिली.

"विसळा म्हटलं तर तिकडच्यांना थोडंसंच वाटेल का गं? आणि धुवा म्हटलं तर तोंड धुतात तसं करतील?"

मला काय कळणार, कपाळ! "कुठलाही टाक ना. लेबल वाचतं कोण?" मी वैतागून म्हटलं.

ती पुन्हा डिक्शनरीत शिरली. तेवढ्यात उल्हासनगरहून आमची लेबलं छापणाऱ्या प्रेसवाल्या चंदरचा फोन आला. "मॅडम, कल ग्यारा बजे प्लेट बनवतो. शब्द द्या, नाय तर माल लटकला समजा."

बाबांनी असले ड्रम जन्मभर हाताळलेत, त्यांना विचारू, असं ती म्हणाली, म्हणून संध्याकाळी मी तिच्याबरोबर खरवईला तिच्या घरी गेले. वडील, भीमराव, दारातच बसले होते. जय भीम झालं. दुसऱ्या एका केमिकल कंपनीत बावीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. त्यांचा एक डोळा पांढरा होता. मी आजवर तो मोतीबिंदू समजत होते.

मालिनीनं त्यांना चारही शब्द समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "माले, पाणी किती वेळ मारायचं?"

"पंधरा मिनिटं, बाबा."

"आमच्या ड्रमवर पण लिहिलेलं होतं. इंग्लिशमध्ये," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यात उडालं ना, तेव्हा आमच्यात रीत होती, केमिस्टला विचारल्याशिवाय काय करायचं नाय. पोरं लेबल वाचून घ्यायला वर केबिनला पळाली. साहेब जेवायला गेलेला. मी डोळा दाबून उभा. नळ चार पावलांवर होता."

रेशनच्या रांगेतली हकिगत सांगावी तसं त्यांनी हे सांगितलं. मला माझीच लाज वाटली.

"मग यातला कुठला शब्द घालू, बाबा?"

"मला इंग्लिश येत नाय, तुझं स्पॅनिश कुठनं येणार?"

दुसऱ्या दिवशी तिनं साधा धुण्याचा शब्द घेतला. पुढं लिहिलं: लगेच, डोळा उघडा धरून, भरपूर पाण्यानं, पंधरा मिनिटं. कुणाला विचारत बसू नका. एका ओळीच्या चार ओळी झाल्या. शेजारी तिनं हातानं उघडा डोळा आणि नळ काढला. साहेब करवादले, लेबलवर जागा कुठंय? "कंपनीचं नाव बारीक करा," ती म्हणाली. नाव बारीक झालं. चंदरनं लेबलं छापली तरी ती मला विचारतच होती, "तो शब्द बरोबर होता ना गं?" मला अजूनही माहीत नाही.

छापलेलं एक लेबल तिनं घरी नेलं. मीही गेले होते. भीमरावांनी ते चांगल्या डोळ्याजवळ धरलं. अक्षरांवरून त्यांचं बोट न थांबता सरकलं आणि चित्रावर टेकलं.

"नळ," ते म्हणाले. बराच वेळ बोट तिथंच होतं. "आता वर पळायला नको कुणी."