मोठ्या सेन्सरसाठी हात

दसऱ्यानंतरचा रविवार, धाराशिव. कॅमेऱ्याच्या दुकानात हजर: आमची शेजारीण, दुकानदार आणि मी.

शेजारीण लग्नाचे फोटो काढते. ढोकीचं एक लग्न तिनं पहिल्यांदाच एकटीच्या जबाबदारीवर घेतलंय. काहीही निवडताना ती एक डोळा मिटते, अगदी वांगीसुद्धा. तशीच ती काउंटरवरचे दोन मिररलेस कॅमेरे बघत होती. एकात उजेड टिपणारा सेन्सर लहान, दुसऱ्यात मोठा. पण मोठा लेन्ससकट जड, आणि तो उचलला की तिचा हात थरथरायचा.

"दादा, लाईट बंद करा."

"ताई, गिऱ्हाईक पळंल की!"

"वरातीत लाईट गेल्यावर नवरी पळती का?"

दुकानदारानं हसून बटण दाबलं. तिनं दोन्हींनी माझा फोटो काढला. लहान सेन्सरमध्ये माझा चेहरा रव्यासारखा दाणेदार आला. मोठ्यात कपाळावरची आठीसुद्धा स्पष्ट.

"मोठाच," ती म्हणाली.

"आणि हात?"

"हात तयार करता येतो, काकू. सेन्सर वाढवता येत न्हाय."

तेव्हापासून रोज सकाळी ती गच्चीवर भरलेला तांब्या डोळ्यासमोर धरून उभी राहते. आधी पाणी सांडायचं, आता नुसतं हलतं. ते हलायचं थांबलं की आम्ही दुकानात जाणार. कॅमेरा आणायचा राहिलाय.