सुरतच्या मामाकडची चार वर्षं

धुळ्यात देवपूरला मी एका मॅडमकडे स्वयंपाक करते. त्या शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. भाजी निवडायला घेतलेला जुना पेपर मी आधी वाचून घेते, हे त्यांनी एकदा पाहिलं.

"पेपर भाजीखाली घालायला दिलाय, वाचायला नाही," त्या म्हणाल्या. मी घाबरले. त्या हसायला लागल्या. "किती शिकलीस?"

"चौथी."

"मग झालं की." त्यांनी कपाटातून एक कादंबरी काढून माझ्या हातात दिली.

कादंबरी एका लहान मुलीची होती. तिला पळवून नेतात, एकाकडून दुसऱ्याकडे विकतात, आणि तरी ती जगते. आपण कोणाच्या हातात काय दिलं, हे मॅडमना माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली.

मी रोज काम आटोपल्यावर दोन-तीन पानं वाचायचे, ओळीखाली बोट धरून. पुष्कळ ठिकाणी मला वाटायचं, असं नसतं. त्या मुलीला कुलूप लावून ठेवतात. मला कुलूप नव्हतं. मला फक्त सांगितलं होतं की तुझ्या आईनेच तुला दिलंय, परत गेलीस तर ती दारात उभी करणार नाही. त्याच्यापुढे कुलपाची गरज पडत नाही.

मग एक पान असं आलं की मुलीची आई गावोगाव फिरून भिंतींवर, खांबांवर तिचे फोटो चिकटवते. तिथे मी अडकले. आठ दिवस तेच पान. भाकरीचं पीठ मळून तसंच ठेवायचे आणि गॅलरीत जाऊन उभी राहायचे. घरी आल्यावर घासलेली भांडी पुन्हा घासायचे. नवरा म्हणाला, "बस की जरा, किती फिरतेस." माझ्यासाठी कोणी फिरलं होतं का, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मायने मला शोधलं होतं का? की ते लोक म्हणत होते ते खरं होतं?

माझं गाव एरंडोलजवळ. वडील लवकर गेले. माय दुसऱ्याच्या शेतात कामाला जायची, घरी मी आणि धाकटा भाऊ. कापूस वेचायच्या दिवसांत बाहेरून आलेली एक बाई शेजारच्या गल्लीत राहायची. माय तिला बहीण म्हणायची. मी चौथीत होते. एक दिवस ती बाई शाळेच्या दाराशी आली आणि म्हणाली, तुझी माय शेतात पडली, तिला धरणगावच्या दवाखान्यात नेलंय, चल. मी गेले. धरणगावला आम्ही दवाखान्यात गेलोच नाही, स्टेशनवर गेलो. ती म्हणाली, मोठ्या दवाखान्यात नेलंय. गाडी सुरतला थांबली.

त्या सकाळी मायने माझ्या केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. एरवी कामाच्या घाईत तिला वेळ नसायचा, माझे केस मीच बांधायचे. सुरतला जेव्हा ते म्हणाले की आईनेच दिलंय, तेव्हा माझा हात वेण्यांकडे गेला. मला ते पटलं.

एका वरच्या खोलीत आम्ही सहा मुली साड्यांना टिकल्या चिकटवायचो. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत. डिंकाने बोटांची साल निघायची. दोन वर्षांनी मला तिथून दुसऱ्या घरी दिलं, तिथे धुणं, भांडी, मार. तिथलं सगळं मी लिहिणार नाही.

सुटले ती एका भाजीवालीमुळे. तिची हातगाडी घराखाली यायची. मला भाजी आणायला खाली पाठवायचे आणि घरची बाई वरून बघत उभी राहायची. एकदा ती भाजीवाली दुसऱ्या एका बाईशी अहिराणीत बोलली. चार वर्षांत मी ती बोली ऐकली नव्हती. मी कोणाशी आपणहून बोलत नाही, तेव्हाही बोलत नसे. पण त्या दिवशी तोंडातून निघालं, "मी एरंडोलकडली शे." तिने वर गॅलरीकडे पाहिलं, मग वांगी तोलत राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सकाय पिशवी लई ये." दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्या कोणाकडे सोडून तिने माझा हात धरला आणि आम्ही चालायला लागलो. तिने मला धरणगावपर्यंत आणलं, एरंडोलच्या गाडीत बसवलं. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

दुपारी मी घरासमोर पोचले. माय ओट्यावर तीन-चार बायकांबरोबर ज्वारी पाखडत होती. तिने मला पाहिलं. हातातलं सूप तसंच राहिलं. मग ती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "उनी का माय? मामा बरा शे ना?"

मला मामा नाही. मायला भाऊच नाही.

बायका माझ्याभोवती जमल्या. "सुरतनं पानी पी उनी, आते आपलासंगे कसाले बोली ती!" एक म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मी गेल्यापासून मायने गावात सांगितलं होतं की पोर सुरतला मानलेल्या मामाकडे ठेवलीय. घरात गेल्यावर तिने मला पोटाशी धरलं, पुष्कळ वेळ. पण काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त एवढं म्हणाली की मामाच्या घरात किती खोल्या आहेत ते ठरवून ठेव, कोणी विचारलं तर.

तेव्हापासून मी खोल्या ठरवत आले. मामाचं घर, मामीचा स्वभाव, त्यांच्या घरचं जेवण. माणसांत बसायचं म्हटलं की मी काहीतरी काम काढून उठायचे, कोणी सुरतचं विचारेल म्हणून. लोक म्हणायचे, पोर लाजरी आहे. मी लाजरी होतेच, पण या खोट्यानेही केली.

माझं लग्न ठरलं तेव्हा मोठीच अडचण आली. नवरीला मांडवात मामा आणतो. सुरतचा मामा कुठे? लग्नाच्या आधी काही महिने मायने सांगितलं की मामा वारला. तिने डोक्यावरून आंघोळ केली, बायका भेटायला आल्या. आणि माय रडली. असं रडताना मी तिला वडिलांच्या वेळीही पाहिलं नव्हतं. जमिनीवर हात आपटत होती, तिला धरायला दोघी लागल्या. मी दाराआड उभी होते. नसलेल्या माणसासाठी इतकं कसं रडता येतं, याची मला तेव्हा भीती वाटली. लग्नात गावातल्या एका आबांनी मामा होऊन मला मांडवात आणलं.

तर त्या पानावर आठ दिवस अडकल्यावर मी मॅडमकडून सुट्टी घेतली आणि सकाळच्या बसने गावी गेले. नवऱ्याला सांगितलं, मायची तब्येत बघून येते.

भावजय दारातच म्हणाली, "अक्का, आज अचानक? दाजीसंगे भांडीसन उनात का?"

"त्यांच्याशी भांडायला आधी ते घरी तर पाहिजेत," मी म्हटलं. ती हसत चहा करायला गेली. भाऊ शेतात होता. माय मागच्या दारी बाजेवर बसून लसूण सोलत होती. मी तिच्याजवळ बसले आणि बसमध्ये शंभर वेळा जुळवलेलं सगळं विसरले. एकदम म्हटलं, "माय, तू माले देयेल व्हतं का?"

तिला लगेच कळलं. कशाबद्दल, असंही तिने विचारलं नाही.

"कोन सांगं तुले?"

"तेच लोक सांगत होते. आणि त्या दिवशी तू मला तेल लावून वेण्या घातल्या होत्या."

"केस व्हतात, तेल लायं व्हयी!" ती ओरडली. लसणाची टोपली खाली पडली. "माले काय याद शे? तू ये बठ्ठं आज काबर इचारी ऱ्हायनी?"

मी खाली वाकून लसूण गोळा करू लागले. मग ती आपणहून बोलायला लागली, हळू आवाजात. मी संध्याकाळी घरी आले नाही आणि ती बाईही खोलीवर नव्हती, तेव्हा तिला कळलं. पोलिसात जायला ती निघालीही होती. एरंडोलच्या रस्त्यावरून परत फिरली. पोर पळवली म्हटलं की गाव म्हणणार, पोर गेली. मग ती सापडली तरी काय? "मंग तुले कोन करी लेता?" माझ्याशी लग्न कोणी केलं असतं, असं तिने मला विचारलं. खरंच विचारलं, जणू अजून ठरायचं होतं.

"म्हणजे तू शोधलंच नाही," मी म्हटलं.

"मी गयथू धुंडाले. एक डाव."

त्या बाईने कधीतरी सुरतच्या एका भागाचं नाव घेतलं होतं, तेवढ्यावर माय एकदा एकटी शोधायला गेली. दोन दिवस गल्ल्यांतून फिरली. बोली कळेना, लिहिलेलं वाचता येईना. लोक हाकलायचे. तिसऱ्या दिवशी स्टेशनवर आली. रिकाम्या हाताने गावात गेली असती तर बायकांनी विचारलं असतं, पोरीकडे गेली होतीस ना? म्हणून स्टेशनसमोरच्या दुकानातून तिने घारी, सुरतची तुपातली मिठाई, घेतली. गावात घरोघर तुकडा तुकडा वाटला. पोरीने पाठवली, अंगाने चांगली भरलीय, असं सांगत.

"आणि तू?" मी विचारलं. का विचारलं माहीत नाही. "तू खाल्ली का?"

ती नाही म्हणाली.

मी तेव्हा त्याच शहरात होते. मला तिचा राग आला, फार आला. पोलिसात गेली असती तर कदाचित वर्षभरातच परत आले असते. आणि तिने ते खोटं सांगितलं नसतं तर माझं हे घर, नवरा, मुलगी, यातलं काहीच नसतं. दोन्ही खरं आहे. ते मला एका जागी ठेवता येत नाही. मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि परत येऊन बसले.

मायने माझी बोटं हातात घेतली. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला विचारलं, "तठे तुले पोटभर खावाले भेटे का?"

"सकाळी चहा आणि पाव," मी म्हटलं. "दुपारी खिचडी. कधी नसायचीही."

तेवढ्यात भावजय चहा घेऊन आली. माय सवयीने गप्प झाली. मीही होणार होते. पण खिचडी नसायची तेव्हा आम्ही काय करायचो ते तोंडाशी आलं होतं, आणि ते मी बोलले. थांबले नाही. माझा आवाज फार लहान होता. भावजय ताट हातात धरून उभीच राहिली. "काय म्हनतस अक्का? कोनता मामा असा..."

"बोलू दे तिले," माय म्हणाली.

अर्ध्या तासात मी जेवढं बोलता आलं तेवढं बोलले. चहा गार झाला. भावजय रडली, माय रडली नाही.

परतीच्या बसमध्ये मला जागा मिळाली तरी बसवेना. भावजय भावाला सांगणार, भाऊ संध्याकाळी माझ्या नवऱ्याला फोन करणार. पारोळ्याला बस थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला आणि येईना. मी दाराशी उभी राहून त्याच्या आधीच नवऱ्याला फोन लावला.

"संध्याकाळी कुठे जाऊ नका. मला बोलायचंय."

"काय झालं? माय बरी आहे ना?"

"ती बरी आहे," मी म्हटलं. "माझं आहे."