रजईत गुंडाळलेलं दार

पोलिसात काढलेल्या वर्षांतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला खिसेकापू कुठल्या ठाण्यातला, हे मलाच सांगता येत नाही. एक दार मात्र डोळ्यांपुढून हलत नाही, आणि त्या दारापायी माझ्या कोठडीत रात्र काढलेला एक म्हातारा कारीगरही.

मी तेव्हा जुन्या दिल्लीतल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. घर करोल बागेत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. हद्दीतल्या एका प्रसिद्ध गल्लीचं रूप पालटायचं काम चाललं होतं. लाल दगडाची फरशी, सगळ्या दुकानांना एकसारख्या पाट्या, तारा जमिनीखाली. जुनी गल्ली जुनी दिसावी म्हणून तिला नवी करत होते. मला हे अजब वाटायचं, पण पोलिसाला कोण विचारतं? आम्ही पर्यटकांची गर्दी आवरायची आणि त्यांच्या हरवलेल्या मोबाइलच्या तक्रारी लिहायच्या.

एका सकाळी त्या गल्लीतल्या मिठाईवाल्याचा मुलगा ठाण्यात आला. दुकानाच्या कोरीव लाकडी दाराच्या दोन्ही झडपा चोरीला गेल्या होत्या. बाहेरचं लोखंडी शटर शाबूत, कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच. एक त्याच्या वडिलांकडे, ज्यांना सगळी गल्ली लालाजी म्हणायची, आणि दुसरी दुकानाच्या पोटमाळ्यावर राहणाऱ्या, मिठाई करणाऱ्या कारीगराकडे. लालाजींना मोतीबिंदूमुळे धड दिसत नव्हतं. मुलाने कारीगराचं नाव तक्रारीत लिहायला लावलं. असलं दार घ्यायला मोठी हॉटेलं टपलेली असतात, असंही तो म्हणाला. गुन्हा नोंदवला आणि कारीगराला आणवलं.

माणूस सत्तरीला टेकलेला. मिसरूड फुटायच्या आधी त्या दुकानात जिलेबीच्या कढईपुढे उभा राहिलेला. मी त्याला उलटसुलट विचारलं, दरडावलं, चहा पाजला. त्याचं उत्तर बदललं नाही.

"मैंने चोरी नहीं की, साहब. इससे आगे मत पूछिए."

खोटं बोलणारा माणूस न मागता तपशील देतो, हा माझा अनुभव आहे. याने एकही दिला नाही. पण माझ्या वाटण्यावर कोर्ट चालत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत त्याला कोर्टात उभं करायचं होतं, आणि तिथून बहुधा तिहार जेल.

संध्याकाळी लालाजी स्वतः डबा घेऊन आले. शिपायाचा हात धरून कोठडीपर्यंत गेले, डबा आत सरकवला. कारीगर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, काहीतरी ऐकायचं असल्यासारखा. लालाजी काही न बोलता वळले आणि निघून गेले. कारीगराने डबा उघडलासुद्धा नाही. ठाण्याचा रोजनामचा लिहिताना ही नोंद कुठे करावी ते मला कळेना, पण ती गोष्ट मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर दिली ती नाक्यावरच्या चहावाल्याने. चोरीच्या दिवशी पहाटे एका टेम्पोत काहीतरी लांबरुंद चढवलं होतं, म्हणाला, लाल रजईत गुंडाळून. माझे हवालदार टेम्पोचा नंबर विचारत बसले. मी त्या रजईपाशीच अडलो. चोर माल गोणपाटात गुंडाळतो, फार तर ताडपत्रीत. घरची रजई आपण आजारी माणसावर घालतो.

गल्लीतला कॅमेरा तारांच्या कामामुळे त्या रात्री बंद होता आणि उजाडल्यावर सुरू झाला होता. म्हणून त्याचं चित्रण कोणी पाहिलंच नव्हतं. मी ते मागवलं, आणि आधीच्या काही सकाळचंही. रोज तेच. कारीगर शटर वर करतो. लालाजी चपला काढतात, हात पुढे करून चाचपत दार शोधतात, हात कपाळाला लावतात, मग आत जातात. दुकान उघडण्याआधी दाराला नमस्कार करायची तिथली रीतच आहे. चोरी झाली त्या सकाळीही शटर वर गेलं, लालाजींनी चपला काढल्या, आणि ते सरळ आत गेले. हात पुढे आलाच नाही. ज्याला दिसत नाही त्याला दार गेल्याचं कळणार कसं? रोजच्या सवयीने हात पुढे जायला हवा होता, आणि रिकाम्या जागेत थबकायला हवा होता.

मी गणवेश न घालता दुकानात जाऊन लालाजींजवळ बसलो आणि एवढंच विचारलं, की त्या दिवशी नमस्कार का केला नाहीत? मुलगा जवळपास नाही ना, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. मग म्हणाले, "दूसरे दिन मशीन आने वाली थी, साहब. घिसाई के लिए."

मुलाने ठेकेदाराशी बोलणं केलं होतं. दार दोन्ही बाजूंनी यंत्राने घासून, वर रंग देऊन 'असली पुराना' करायचं. लालाजींनी नको म्हणून पाहिलं, तर मुलगा म्हणाला, पापाजी, आपको कुछ पता नहीं. म्हणून त्यांनी कारीगराला सांगून दार फरीदाबादला मुलीच्या घरी हलवलं होतं.

त्याच दुपारी लालाजींना घेऊन आम्ही फरीदाबादला गेलो. मुलालाही बरोबर घेतलं. मागच्या खोलीत दार भिंतीला टेकून उभं होतं. मुलीने रजई बाजूला केली. झडपांच्या आतल्या बाजूला हळदीच्या हातांचे ठसे होते, काही जवळजवळ पुसलेले. पूर्वी हे कुटुंब दुकानाच्याच वर राहायचं. घरात येणारी प्रत्येक नवी सून त्या दारावर हात उमटवायची. लालाजींनी चाचपत एका छोट्या ठशावर बोट ठेवलं. "तेरी माँ," ते मुलाला म्हणाले. मुलगा भिंतीकडे तोंड करून रडला. मी खोलीबाहेर आलो.

दुकान लालाजींच्या नावावर होतं. आपल्याच वस्तूची चोरी होत नाही. कागदपत्रं पुरी करून मी संध्याकाळी कारीगराला कोर्टात न नेताच सोडलं. मुलाने हात जोडून माफी मागितली. कारीगर त्याला म्हणाला, "कोई बात नहीं, भैया." मग लालाजींकडे वळला.

"मैं रात भर सोचता रहा, अब बोलेंगे. आप खाना रखकर चले गए."

लालाजींनी हात पुढे केला. मुलापुढे तोंड उघडायची भीती वाटली, असं काहीतरी ते पुटपुटले. तोवर कारीगर ठाण्याच्या पायऱ्या उतरून गेला होता. तो पुन्हा दुकानात आला नाही. गावी गेला म्हणतात. कुठलं गाव, ते इतक्या वर्षांत कोणी त्याला विचारलंच नव्हतं.

निवृत्तीनंतर मी दिल्लीतल्याच द्वारकेला राहायला आलो. मध्यंतरी पुण्याहून पाहुणे आले, त्यांना गल्ली दाखवायला मेट्रोने घेऊन गेलो. दार जागेवर होतं, न घासलेलं. एक गाईड त्याच्यापुढे उभा राहून सांगत होता, की इथे सगळं जसंच्या तसं आहे, दार तेच, चव तीच. पाहुण्यांनी जिलेबी घेतली. मी ती पूर्वी खाल्लेली होती. चव ती नव्हती.

नोकरीभर मी वस्तू शोधून मालकाच्या हवाली केल्या आणि प्रकरण मिटलं असं लिहिलं. त्या दारानंतर मात्र मिटलं हा शब्द लिहिताना माझा हात अडखळायचा.

दुकानात लालाजी गादीवर बसले होते, फार थकलेले. मी नमस्कार केला. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, "साहब, उसका कुछ पता चला?"